चंद्रावरची एक चूक

बाई वेळ कॉलमध्ये मोजत. त्या काळी ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांचा असे, त्यामुळे तीन मिनिटं म्हणजे एक कॉल. भाताला सहा कॉल, पंचवटी कारंजापासून सीबीएस बसस्टँडला चालत जायला आठ कॉल, चहा गार व्हायला दोन. एकदा दातांच्या डॉक्टरांनी कळ किती वेळ राहते असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, ‘दिवसातून चार-पाच कॉल.’ डॉक्टरांनी सहानुभूतीनं विचारलं, कोणाचे येतात?

मी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा बाई तिथे जुन्या झाल्या होत्या. बाकी सगळ्या जणी मॅडम, त्या एकट्या बाई. असं का, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि त्यांच्याकडे पाहून विचारावंसंही वाटलं नाही. उंच, हाडकुळ्या, पांढऱ्यावर बारीक किनार अशी साडी, आणि हेडफोन काढल्यावरही तो अजून डोक्यावर असल्यासारखी ताठ मान. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, तर ‘जमलं नाही’ एवढं उत्तर मिळे आणि त्यापुढे विषय सरकत नसे.

त्या लिहितात हे मला कळलं ते एका घोळातून. बोर्डवर दोन कॉलांच्या मध्ये रिकामा वेळ मिळाला, की त्या रद्द झालेल्या बुकिंगच्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत. मला वाटे, खात्याचंच काम असेल. एक दिवस त्यांची एक चिठ्ठी माझ्या चिठ्ठ्यांमध्ये आली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘मंगळ. लाइटनिंग कॉल. बोलणार आजोबा. नातू झोपला असेल तर उठवा.’ लाइटनिंग म्हणजे सगळ्यांत तातडीचा कॉल, तो थांबवून चालत नाही. मी नवी होते, घाबरले. मंगळ नावाचं गाव कुठल्या एक्स्चेंजखाली येतं ते यादीत शोधत बसले आणि शेवटी सुपरवायझरना विचारलं. ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, बागलाण तालुक्यात बघा, सटाण्याला विचारा. मी सटाण्याला विचारलं. तिथल्या ऑपरेटरनंही बिचाऱ्यानं बराच वेळ शोधलं.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. माझ्याकडून चिठ्ठी परत घेतली आणि म्हणाल्या, ‘तुला खरी वाटली का?’ मी हो म्हटलं. ‘मग ठीक जमलीय,’ असं म्हणून त्यांनी ती टाचणीनं बाकीच्या चिठ्ठ्यांना जोडली.

तोवर त्यांची मुलांसाठीची चार विज्ञानकथांची पुस्तकं निघाली होती. पुण्याचे एक प्रकाशक ती काढत. चिठ्ठ्यांवर लिहिण्याचं कारण काटकसर असेल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा तो नियम होता. एका चिठ्ठीत एक घटना. मावली नाही तर ती मुलांसाठी मोठी झाली, ती मोडायची. संध्याकाळी घरी जमिनीवर चिठ्ठ्या पसरून त्या पुस्तक लावत, आणि पंखा चालू असला की कधीकधी ते आपणहून बदले.

त्यांच्या कथांमधली अंतराळयानं सगळी नाशिकमधून सुटत. कोणी परदेशी शास्त्रज्ञ नसे, काचेचे मनोरे नसत. एका कथेत दुसऱ्या ग्रहावरचं यान पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या लिलावात उतरतं आणि ते काय आहे हे कोणाला कळायच्या आत दोन व्यापारी त्याची बोली लावतात. मी ती वाचून खूप हसले. बाई म्हणाल्या, ‘हसण्यासारखं काय आहे? मार्केटात एखादी वस्तू उतरली तर दुसरं काय करतील?’

पुस्तक प्रकाशकांकडे जाण्याआधी त्या ते मुलांना वाचून दाखवत. इमारतीतली आठ-दहा मुलं जिन्यावर बसत, बाई वरच्या पायरीवर. वाचताना डोळा मुलांवर असे. कोणी जांभई दिली की त्या तिथे पेन्सिलीनं रेघ मारत आणि रात्री तो परिच्छेद काढून टाकत. एका मुलाला दुपारी झोपायची सवय नव्हती, संध्याकाळी त्याचे डोळे मिटत. त्याच्यापायी एका पुस्तकातली दोन चांगली प्रकरणं गेली. मी म्हटलं, बाई, तो दमलेला होता, प्रकरणाचा काय दोष? तर म्हणाल्या, ‘पुस्तक वाचणारी मुलंही दमलेलीच असतात.’

पुस्तकावर त्यांची फक्त आद्याक्षरं आणि आडनाव असे, त्यामुळे मुलांची पत्रं येत ती ‘आदरणीय लेखक काका’ अशी. बाई प्रत्येक पत्राला उत्तर लिहीत आणि खाली पूर्ण नाव घालत. खुलासा काही करत नसत. एका मुलानं उलट पत्र पाठवलं, ‘काका, तुमचं नाव बायकांसारखं का ठेवलं आहे?’ ते पत्र त्यांनी मला दाखवलं होतं. उत्तर काय पाठवलं ते नाही दाखवलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांचं पाचवं पुस्तक आलं. तीन भावंडं चंद्रावरच्या एका तळावर अडकतात. तळावरचं सगळं बिघडलेलं, फक्त एक छोटा ट्रान्समीटर धड आहे आणि तो नाशिकच्या केंद्रापर्यंतच पोचतो. समोर आकाशात पृथ्वी दिसते आहे, पण ती हळूहळू डोंगरांकडे उतरते आहे. पृथ्वी मावळायच्या आत संदेश गेला पाहिजे. मावळली, की संपलं. शेवटच्या प्रकरणात पृथ्वीचा निळा काठ डोंगरावर टेकलेला असताना धाकटी बहीण तार जोडते आणि नाशिकला आवाज पोचतो. जिन्यावरच्या वाचनात त्या प्रकरणाला एकही जांभई आली नव्हती.

ते पुस्तक शाळांच्या वाचनालयांसाठी घेतलं गेलं. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांमध्ये त्याच्या प्रती गेल्या. बाईंचं नाव पहिल्यांदाच नाशिकबाहेर गेलं. प्रकाशकांनी पुढचं पुस्तक लगेच द्या म्हणून सांगितलं, आणि बाईंनी तेही लिहून पाठवून दिलं.

मग निफाडजवळच्या एका गावातून आंतरदेशीय पत्र आलं. पत्र वर्षा नावाच्या सातवीतल्या मुलीचं होतं. बाईंनी ते ड्यूटीवर आणलं आणि वाचून झाल्यावर मला दिलं, म्हणून मजकूर मला चांगला आठवतो. तिनं लिहिलं होतं, ‘तुमचं चंद्राचं पुस्तक मी चार वेळा वाचलं. तालुक्याच्या प्रश्नमंजूषेत विचारलं, चंद्रावरून बघितलं तर पृथ्वी मावळते का. मी मावळते म्हणून सांगितलं. त्यांनी चूक दिली. मी उभी राहून तुमच्या पुस्तकाचं नाव सांगितलं तेव्हा सगळे हसले. एका गुणाने आमची शाळा हरली. सर म्हणाले, गोष्टीची पुस्तकं वाचून हेच होणार, आता वाचनालयाची पेटी बंद. तरी तुमचं बरोबर आहे असं आमच्या सरांना पत्र पाठवावे.’

मला त्यात काही कळलं नाही. सूर्य मावळतो, चंद्र मावळतो, तशी तिकडून पृथ्वी मावळत असेल. बाईंनी पत्र माझ्या हातातून परत घेऊन पुन्हा वाचलं. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि माझ्याकडे तोंड ठेवून माझ्याभोवती एक पूर्ण फेरी घातली. पुरी करून म्हणाल्या, ‘मी चंद्र. तू पृथ्वी. माझं तोंड सतत तुझ्याकडे होतं की नाही? चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, ती याच्यामुळे. आता माझ्या नाकावर कोणी उभं असेल तर तू त्याला कुठे दिसशील?’

मी म्हटलं, समोर.

‘नेहमी?’

‘नेहमी.’

‘मग तू मावळलीस असं कसं म्हणायचं?’ त्या खाली बसल्या. ‘चंद्राची एकच बाजू दिसते हे मला शाळेपासून माहीत आहे. माहीत असून मी पुढचा विचार केला नाही. मला मावळायला हवी होती म्हणून मी ती मावळवली.’

मी सुचवलं, तिला पत्र लिहून टाका, चूक झाली म्हणून. बाई नाही म्हणाल्या. त्या मुलीनं चारचौघांत उभं राहून त्यांचं नाव घेतलं होतं, तेव्हा त्यांनीही चारचौघांतच जायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या सुट्ट्या शिफ्टप्रमाणे आठवड्यातल्या कुठल्याही वारी येत. तेव्हा आमची दोघींची मंगळवारी होती. मंगळवारी सकाळी आम्ही निफाडची एसटी धरली.

वर्षाचं घर द्राक्षबागेला लागून होतं. वडील बागेत औषध मारत होते, ते हातपाय धुऊन आले. नाशिकहून दोन बायका टेलिफोन खात्यातून आल्या म्हटल्यावर त्यांना आधी फोनच्या अर्जाचं काही काम निघालं असं वाटलं. आम्ही कशासाठी आलो ते कळल्यावर ते संकोचले. म्हणाले, मास्तर बोलले असतील रागाच्या भरात, त्याचं एवढं काय घेऊन बसायचं, पोरगीच जरा उलट बोलती. वर्षा दाराशी उभी होती. दोन वेण्या, कपाळावर आठी. लेखक बाई आहे याचं आश्चर्य तिनं दाखवलं नाही. ती फक्त बाईंच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती. मला वाटतं, तिला त्यात सरांसाठीचं पत्र असेल असं वाटत होतं.

बाईंनी तिला समोर बसवलं. म्हणाल्या, ‘तू बरोबर वाचलंस. मी चुकीचं लिहिलं. पृथ्वी तिथून मावळत नाही.’

मुलीचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, ‘म्हणजे सर बरोबर?’

‘उत्तर त्यांचं बरोबर. हसले ते चुकीचं. आणि पेटी बंद केली तेही चुकीचं. ते मी त्यांना आज सांगणार आहे.’

मग त्यांनी तिला चंद्राची फेरी समजावून सांगितली. तिला ती माझ्यापेक्षा लवकर कळली. कळल्यावर ती अजूनच गंभीर झाली. ती म्हणाली, ‘पृथ्वी मावळणारच नसंल, तर ती पोरं घाई कशाला करतील? कवाबी बोलतील की. मंग गोष्टीत राहिलं काय?’

बाईंनाही दोन दिवस हाच प्रश्न छळत होता, हे त्यांनी मला गाडीत सांगितलं होतं. चूक एका वाक्याची असती तर खोडून भागलं असतं. सगळं पुस्तकच त्या चुकीवर उभं होतं. त्यांनी मुलीला खरं ते सांगितलं, की मला अजून सुचलेलं नाही.

आमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. त्याला एका बाजूनं पोचा होता. वर्षा त्याच्याकडे बघत बसली. मग तिनं तो जागच्या जागी थोडा फिरवला, आणखी थोडा फिरवला, आणि पोचा पलीकडे गेला. ‘पृथ्वी जागची हालत नाय,’ ती म्हणाली, ‘पण सोताभवती फिरती ना? मंग हे नाशिक धरलं, तर हे जातंय की मागं.’

बाईंनी तांब्या आपल्याकडे ओढला आणि त्याच चालीनं हळूहळू फिरवला. पोचा दिसला, सरकत काठावर आला, गेला.

‘नाशिक मावळतं,’ बाई म्हणाल्या.

‘हां. आन् परत उगवतं बी. पण तवर त्यांची हवा संपंल.’

वडील हसायला लागले. बाईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढली आणि तिथेच लिहून घेतलं. मी त्यांना इतकं भराभर लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. चहा आला, त्याचे दोन कॉल केव्हाच उलटून गेले, तो तसाच राहिला.

दुपारी आम्ही शाळेत गेलो. सातवीच्या वर्गापुढे उभं राहून बाईंनी सांगितलं की हे पुस्तक मी लिहिलं, यात माझी चूक आहे, आणि ती चूक शोधायला या मुलीनं मला भाग पाडलं. सर भले गृहस्थ निघाले. ते ओशाळले, टेबलाच्या खणातून किल्ली काढून त्यांनी पेटी मुलांसमोर उघडली. वर्षा मात्र बाकावर मान खाली घालून बसली होती. आपली हार सगळ्यांपुढे पुन्हा निघाली, हे तिला आवडलं नव्हतं. परतताना मी बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘हो. ते मला तिथे गेल्यावर कळलं.’ आणि नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

पुढच्या आठ दिवसांत त्यांनी शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिलं. पृथ्वी आकाशात एकाच जागी टांगलेली, पण फिरते आहे. आधी समुद्र दिसतो, मग भारताची किनार, मग आफ्रिका. नाशिक समोर असेल तेवढ्याच वेळात बोलायचं. मला तर ते पहिल्यापेक्षा चांगलं वाटलं. बाईंनी प्रकाशकांना ट्रंक कॉल लावला आणि नवं प्रकरण छापून सगळ्या शाळांना पाठवा म्हणून विनंती केली. मी शेजारीच होते. प्रकाशकांचं बोलणं ऐकू आलं नाही, ते नंतर बाईंनी सांगितलं. ते म्हणाले, एका पोरीशिवाय कोणाच्या लक्षात आलेलं नाही. शाळांना कळवलं तर पुढच्या खरेदीच्या यादीतून आपलं नाव जाईल. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा बघू. बाईंनी विचारलं, तोवर मुलांनी चुकीचं वाचायचं का? ते म्हणाले, बाई, गोष्टच आहे ती.

गोष्टच आहे ती, हे वाक्य त्यांना लागलं. त्यांनी स्वतःच नव्या प्रकरणाच्या झेरॉक्स काढायचं ठरवलं. जिल्ह्यात पुस्तकं पोचवण्याचं काम ज्या विक्रेत्यानं केलं होतं त्याच्याकडून शाळांची यादी मिळवली. लांबच्या शाळांना पत्रासोबत पानं पाठवली. पण पाठवलेली पानं कोणी चिकटवतं की नाही याचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून एसटीनं एका दिवसात जाऊन येता येईल तिथे त्या स्वतः जाऊ लागल्या. सुट्टीच्या दिवशी पिशवीत पानं, खळीची बाटली, एक चपटा ब्रश. शाळेत जायचं, हेडमास्तरांना चूक समजावून सांगायची, पुस्तकातलं जुनं प्रकरण दोऱ्यापासून कापून नवं चिकटवायचं, वाळेपर्यंत थांबायचं आणि निघायचं. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. दहा-बारा वेळा मी बरोबर गेले. काही शाळांमध्ये त्यांना पुस्तकविक्रेत्या समजत, एका ठिकाणी तर तपासणीला आलेल्या साहेब समजून मुलांकडून स्वागतगीत म्हणून घेतलं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग खळ मागितली, आमची सांडली होती.

मला हे सगळं पटत नव्हतं. मी एकदा स्पष्ट बोलले. म्हटलं, एवढा तुमचा जम बसलाय, प्रकाशक नाराज होतील, आणि कोण ते पान उघडून बघणार आहे? बाई त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. नमतं मलाच घ्यावं लागलं.

माझं म्हणणं खरं ठरलं. कुठल्याशा हेडमास्तरांनी प्रकाशकांनाच पत्र लिहून लेखिकेच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. दोन आठवड्यांनी बाईंचं पुढचं हस्तलिखित रजिस्टर पोस्टानं परत आलं, सोबत दोन ओळींचं पत्र. पुढे त्या प्रकाशकांनी त्यांचं एकही पुस्तक काढलं नाही. दुसरी आवृत्तीही निघाली नाही. बाईंनी ते पाकीट माझ्यासमोर उघडलं, वाचलं आणि हेडफोन चढवला. त्या दिवशी त्यांनी तीन कॉल भलत्याच ठिकाणी जोडले. मालेगावच्या एका बाईचं येवल्याच्या सोनाराशी बोलणं करून दिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक चुकलेला मी पाहिला नव्हता. सुपरवायझर उठून आले, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत गेले.

एसटीडी घरोघर आलं तसं आमचं बोर्डावरचं काम आटपलं. आम्हाला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. बाईंच्या कथांमध्ये मग मंगळावरून लाइन बंद असल्याच्या तक्रारी यायला लागल्या. दुसऱ्या एक-दोन प्रकाशकांकडे त्या जाऊन आल्या, जमलं नाही. मुलांच्या एका दिवाळी अंकात दरवर्षी एक कथा येई, आणि जिन्यावरचं वाचन चालू होतं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा पहिल्या ऐकणाऱ्यांपैकी काही मुलं नोकरीला लागली होती. वर्षा पुढे बी.एस्सी. झाली, पिंपळगावला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये मालाची तपासणी करण्याच्या कामाला लागली. दिवाळीत बाईंना तिचं पत्र येई. ती काही शास्त्रज्ञ झाली नाही, आणि व्हायला हवी होती असं बाई कधी म्हणाल्या नाहीत.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी दृष्टी फार अधू झाली होती. मी भेटायला जाई तेव्हा मला वाचून दाखवायला सांगत, आणि मी जांभई आवरत असले तर ते त्यांना आवाजावरून कळे. त्यांच्या भाच्यानं खोल्या रिकाम्या केल्या. चिठ्ठ्यांचे गठ्ठे त्यानं मला दिले, ते माझ्याकडे आहेत.

पण त्यांची आठवण आली की मला एक्स्चेंज आठवत नाही, जिनाही नाही. पानं चिकटवत हिंडण्याच्या त्या दोन वर्षांतला एक दिवस आठवतो.

पेठ रस्त्यावरून आत गेलेलं एक गाव. फाट्यापासून बरंच चालावं लागलं. शाळा दोन खोल्यांची. गुरुजी म्हणाले, पुस्तक आहे, पण इथे नाही. एका मुलीनं घरी नेलंय, महिने झाले, मागतो तर देत नाही. घर जवळच होतं. आम्ही गेलो तर मुलगी रानात गेलेली, तिची आई अंगणात भाजीच्या जुड्या बांधत होती. बाईंनी पुस्तकाचं विचारल्यावर ती जरा घाबरली. आतून घेऊन आली. कापडात गुंडाळलेलं होतं, पण शेवटची पंधरा-वीस पानं नव्हती. शेळीनं खाल्ली, तिनं खालच्या आवाजात सांगितलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही म्हणाली. भरपाई मागू नका, शाळेचं पुस्तक हाय, आमाला ठावं हाय.

बाईंनी सांगितलं की भरपाई नको आहे, उलट आम्ही शेवटची पानं घेऊनच आलो आहोत. त्या ओसरीवर बसल्या, खळीची बाटली काढली, पानं काढली. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, शेवट नसताना मुलगी पुस्तक वाचते कशाला?

ती म्हणाली, ‘मला वाचून दाखवती ना. मला वाचाया येत नाय. ती इथवर वाचती, मंग म्होरलं मी सांगती.’

‘तुम्हाला काय माहीत पुढचं?’

‘माहीत कशाला पायजे? तीन पोरं हायेत, वर अडकलीत. एवढं कळलं की म्होरलं येतंय सांगता.’

बाईंच्या हातात ब्रश तसाच होता. त्यांनी विचारलं, ‘मग त्यांचा निरोप पोचतो की नाही खाली?’

‘नाय. कशाला पायजे निरोप? तार तुटली ती तुटली. त्यांची आई हाय ना खाली नाशकाला. ती रोज अंगणात येती आन् वर बघती. चंद्र दिसतो. पोरं कुठं हायेत ते तिला दिसतंय.’ तिनं जुडीला गाठ मारली. ‘आन् पोरांना बी ती जागा दिसती. मोठी पोरगी धाकटीला दावती, ते बघ, तिथं आपली आई उभी हाय.’

मी बाईंकडे पाहिलं. ट्रान्समीटर नाही, हवा किती वेळ पुरेल त्याचा पत्ता नाही, संदेश नाही. जिन्यावरच्या कुठल्याही मुलानं असं काही सांगितलं असतं, तर बाईंनी त्याला दहा प्रश्न विचारले असते. परतीची शेवटची गाडी फाट्यावर यायला फार वेळ उरला नव्हता, आणि मी त्यांना तसं खुणेनं दाखवलंही. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ब्रश पिशवीत ठेवला, पानं दुमडून पर्समध्ये सरकवली, भाजीच्या ढिगाशी सरकल्या आणि जुड्या बांधण्यासाठी एक दोरा हातात घेतला.

‘मग?’ बाई म्हणाल्या. ‘पुढे काय झालं?’